मॉरिशसमधील पहिली वस्ती आणि कोकणातून गेलेले मजूर

प्रश्न – राजापूरकर
आमच्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ मुंबईहून जहाजाने मॉरिशसला गेले ते परतलेच नाहीत, एवढेच घरात सांगितले जाते. त्यांच्याआधी त्या बेटावर कोण राहत होते आणि आज त्यांचा माग काढता येईल का?

प्रतिसाद – जुनी कागदपत्रे
मॉरिशसला मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डचांनी 1638 मध्ये तेथे वसाहत केली आणि 1710 मध्ये ती सोडली. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला, पण जंगल तोडून शेती आणि बंदर उभे केले ते प्रामुख्याने मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. आपल्या माणसांची कहाणी सांगताना त्यांचा उल्लेख गाळणे मला अन्यायाचे वाटते. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेले आणि 1835 मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याचा मार्ग मळेवाल्यांनी धरला. कलकत्त्याहून निघालेले 36 मजूर ‘ॲटलास’ जहाजाने नोव्हेंबर 1834 मध्येच तेथे उतरले होते.

प्रतिसाद – सागरकन्या
मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात मजूर जेथे उतरत, त्या आप्रवासी घाटावर मी गेले होते. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या सोळाच आहेत, पण सुमारे साडेचार लाख माणसे या बंदरातून बेटावर आली, हे आठवले की पाय तेथेच थबकतात. त्यांत बिहारकडचे लोक सर्वाधिक होते. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले मराठी लोक होते. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव इतका जपला की गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

प्रतिसाद – जुनी कागदपत्रे
मागाविषयी सांगायचे राहिले. प्रत्येक मजुराला क्रमांक मिळत असे, आणि त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. 1860 च्या दशकापासून मजुरांची छायाचित्रेही काढली जात. मात्र केवळ आडनावावरून शोधू नका. कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत उतरवले आणि पुढे अनेकदा आजोबांचे पाळण्यातले नावच कुटुंबाचे आडनाव झाले. वडिलांचे नाव, गाव आणि जाण्याचे अंदाजे वर्ष हाताशी ठेवा.

राजापूरकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांचे नाव आणि गाव ठाऊक आहे. वर्षासाठी भावकीतल्या काकांकडची वंशावळ या गणपतीत गावी गेल्यावर उतरवून घेतो.