वजन उतरवलं लो-कार्बवर, आता पोहे-पोळी खाऊन राखायचं आहे: पद्धत बदलावी की नाही?

रामबागकर:

लो-कार्ब, म्हणजे पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं (कार्ब) कमी करून, वजन उतरवलेल्या माणसाने पुढे जन्मभर तेच खायला हवं, असा आग्रह आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत फार आहे. मला तो पटत नाही. वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं राखणं हे वेगळं काम. दुसऱ्या कामासाठी पद्धत बदलली, ताटात पोळी, भात, पोहे परत आणले, तर काही बिघडत नाही. इंदूरसारख्या गावात राहायचं तर मी म्हणेन, तसं केल्याशिवाय टिकतच नाही.

पोळी, भात, बटाटा, साखर सगळं बंद करून मी वजन उतरवलं. पनीर, अंडी, भाज्या, दाणे यांवर राहिलो. त्याचा उपयोग झाला, ते नाकारत नाही. पण आता सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, उसळ किंवा घट्ट वरण आणि भरपूर भाजी, रात्री ज्वारीची एक भाकरी, असं सुरू केलं आहे. सेव चमचाभर, जलेबी फक्त सणाला.

ज्यांना पोळी परत सुरू करायची भीती वाटते, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सुरू केल्यावर आठवड्याभरात काटा दीड-दोन किलो वर जाऊ शकतो आणि माणूस घाबरून पुन्हा सगळं बंद करतो. ती चरबी नसते. शरीर कार्बचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं, साधारण १०० ग्रॅम यकृतात आणि ४०० च्या आसपास स्नायूंत, आणि दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब बंद केले की हा साठा उतरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. सुरू केले की तो भरतो. एवढंच.

दुसरं, लो-कार्बमध्ये काही खास शक्ती आहे असंही दिसत नाही. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी चरबी खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्ब खाणाऱ्यांचं ६ किलो. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत कुणाचं तीसेक किलो उतरलं, तर कुणाचं दहा किलो वाढलं. म्हणजे पद्धतीपेक्षा कोणाला काय झेपतं, हेच मोठं ठरलं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

सुदामानगर:

रामबागकर दादा, मला साफ नापसंत. कारण सांगते.

आमच्या घरी सासूबाईंना आणि ह्यांना दोघांनाही साखर आहे. त्यांच्यासाठी पोळी-भात कमी करणं ही हौस नाही. आणि आपल्या ताटात कार्ब कमी आहेत, अशी कुठे तक्रार होती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभर केलेल्या पाहणीतून २०२५ मध्ये जे आलं, त्यात भारतीय माणसाच्या ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात, आणि त्यातही पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचाच भरणा. अशा देशात ‘कार्ब परत आणा’ हे सांगायची गरजच नाही, ते आपोआप येतात.

राखण्याच्या टप्प्यावरचाच एक प्रयोग आहे, तोही २०१८ चा, बोस्टनच्या एबेलिंग आणि लुडविग यांचा. १६४ लोकांचं वजन आधी बाराएक टक्के उतरवलं, मग त्यांना २०, ४० आणि ६० टक्के कार्ब अशा तीन गटांत वीस आठवडे ठेवलं. सगळ्यात कमी कार्ब खाणाऱ्यांचं शरीर सगळ्यात जास्त खाणाऱ्यांपेक्षा दिवसाला सुमारे २०० कॅलरी अधिक खर्च करत होतं. हे तुमच्या ‘दुसऱ्या कामा’बद्दलच आहे ना?

शिवाय पोहे इंदुरात एकटे कधी येतात ते सांगा. ठेल्यावर उभं राहिलं की वर मूठभर सेव, जिरावण मसाला, शेजारी जलेबीची कढई, आणि नंतर कट चहा. घरी तुम्ही चमचाभर सेव घ्याल. ठेलेवाल्याचा हात तुमच्या हातात नसतो. ज्याला एक वस्तू खाल्ली की पुढच्या तीन हव्याशा वाटतात, त्याने पहिलीच टाळणं सोपं जातं. ‘थोडंसं’ हे सगळ्यांना जमत नाही, आणि न जमणाऱ्यांना त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

दोनदाच_जेवणारा:

दोघेही काय खावं यावर भांडत आहात, किती वेळा हे कुणीच बोलत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचवलेली पद्धत, जिची मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची, तिच्यात पोळी-भाताला मनाई नाही. कडकडून भूक लागते त्या दोन वेळांना जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे पाणी किंवा पातळ ताक, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मला लो-कार्बवरून याच्यावर येऊन बराच काळ झाला. वजन टिकलं आहे आणि वरण-भात रोज खातो.

रामबागकर, तुमच्या सकाळच्या पोह्यांनी तिसरी वेळ उघडली. माझ्या मते धोका तिथेच आहे.

मालवी_सूनबाई:

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती मी लिहिते, कारण रोज ओट्याशी मी उभी असते.

डाएट एक माणूस करतो आणि स्वयंपाक दोन होतात. आमच्याकडे यांचा लो-कार्ब चालला होता तेव्हा यांच्यासाठी फुलकोबी किसून तिचा ‘भात’, मुलांसाठी खरा भात, सासऱ्यांसाठी मऊ खिचडी. पोळ्यांची कणीक मळायची ती मळायचीच, वर बदामाच्या पिठाची भाकरी थापायची, जी थापताना तुटते आणि तव्यावर उलटताना पुन्हा तुटते. थंडीत घरात सगळ्यांसाठी गराडूचा कंद तळला जातो, तेव्हा एक माणूस ताट घेऊन वेगळा बसतो. भुट्ट्याचा कीस केला की त्यांना वास द्यायचा, वाटी द्यायची नाही. हे महिना-दोन महिने होतं. वर्षानुवर्षं होत नाही, आणि होत नाही ते खाणाऱ्याचा निश्चय कमी पडतो म्हणून नव्हे. करणारी थकते.

म्हणून राखायचं असेल तर घराचं जे ताट आहे त्यातच राखावं. मी केलं ते एवढंच: सगळ्यांच्याच ताटात आधी काकडी-गाजराची कोशिंबीर आणि उसळ वाढते, पोळी त्यानंतर. वरण दुप्पट घट्ट. तेल घरात महिन्याला किती येतं ते बघून आणते. सासऱ्यांनी पहिले काही दिवस कुरकुर केली, आता तेच कोशिंबीर मागतात. कुणाच्याही नावाचा प्लॅन नाही, आणि मला तो नकोही आहे. सुदामानगर ताई, तुमच्याकडे दोघांना साखर आहे, तिथे हे वेगळं असेल, ते मान्य.

तिलकनगर_आहारतज्ज्ञ:

सूनबाईंच्या ताटाला माझा पूर्ण पाठिंबा, आणि त्यामागे पुरावाही आहे. युरोपातल्या आठ देशांत झालेला ‘डायोजेनिस’ प्रयोग २०१० मध्ये छापून आला. आधी वजन उतरवलेल्या ७७३ प्रौढांना राखण्यासाठी वेगवेगळे आहार दिले. ज्यांच्या ताटात प्रथिनं थोडी जास्त होती आणि कार्ब रक्तातली साखर सावकाश वाढवणारे होते, त्यांनी सगळ्यात चांगलं राखलं. कार्ब होते, पण ते कोणते आणि कशासोबत, हे पाहिलेलं होतं. आपल्या भाषेत, ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ. मैद्याची कचोरी त्यात बसत नाही, तुपात बुडी मारलेला बाफला (गव्हाचा बट्टीसारखा गोळा) रोज बसत नाही.

इंदुरी पोह्यांबद्दल माझं मत चांगलं आहे. ते फोडणीत परतण्यापेक्षा वाफेवर गरम राहतात, त्यामुळे तेल कमी. कॅलरी चढते ती वरच्या सेवमुळे आणि शेजारच्या जलेबीने. पोह्यांत मटार, मूठभर दाणे घाला, सोबत वाटीभर दही किंवा एक अंडं ठेवा, मग ते नाश्ता म्हणून पुरे.

आता एक गंभीर गोष्ट, सगळ्यांनी वाचावी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब एकदम बंद करणं आणि एकदम सुरू करणं, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. डोस तोच राहिला आणि खाणं घटलं तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं घेणाऱ्यांनी कडक कीटो (कार्ब जवळजवळ बंद) केला तर रक्तात कीटोन वाढून जिवावर बेतू शकतं, आणि त्या वेळी मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. सुदामानगर ताई, तुमच्या घरी कुणी ही औषधं घेत असेल तर आजच विचारून घ्या.

सुदामानगर:

औषधांचं आमच्या डॉक्टरांना माहीत आहे, तरी सांगितलंत ते बरं केलंत.

पण माझा प्रश्न उभाच आहे. बोस्टनच्या प्रयोगाला कुणी उत्तर दिलं नाही.

रामबागकर:

देतो. त्या प्रयोगात लोकांना जेवण तयार करून दिलं जात होतं, आणि वजन स्थिर राहील असं खाणं मुद्दाम कमी-जास्त केलं जात होतं. मोजला तो शरीराचा खर्च. स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने वाढून घेतलेल्या ताटावर कोण किती वर्षं टिकलं, हे त्यात तपासलेलंच नाही. शिवाय खर्चाची ती मोजणी किती भरवशाची, यावर केव्हिन हॉल यांच्यासारख्या संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत. २०० कॅलरी खऱ्या मानल्या तरी त्यांच्यासाठी आमच्या सूनबाईंनी जन्मभर फुलकोबी किसायची का?

दोनदाच_जेवणारे, तुमच्याशी भांडण नाही. तुमचं टिकलंय ना, मग ठेवा. मला सकाळी अकरापर्यंत उपाशी राहिलं की दुकानात गिऱ्हाइकावर आवाज चढतो, म्हणून माझे पोहे राहतील. तुमचं साडेचार किलोमीटर मात्र मी घेतलं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर राखलेल्यांची. तिच्यात माणसं तऱ्हेतऱ्हेचं खातात, पण बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभी राहतात. पिपल्यापाल्याच्या तळ्याभोवती सकाळी या, जागा भरपूर आहे.

दोनदाच_जेवणारा:

येतो. पण रात्री सराफ्याच्या खाऊबाजाराला जाऊ नका. तो बाजार सुरू होतो सराफांची दुकानं बंद झाल्यावर, म्हणजे जेवण झालेल्या पोटावरच सगळं खाणं. कार्ब, फॅट, प्रथिनं, काहीही मोजा, तिथे सगळे हिशेब मोडतात.

सुदामानगर:

रामबागकर दादा, तुमचं वजन टिकेल, कारण तुम्ही हिशेबी आहात. माझा विरोध त्या लोकांसाठी आहे जे तुमचं अर्धंच वाचतील आणि उद्या छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत उभे राहतील. म्हणून एक अट घालते. कार्ब परत आणणाऱ्याने पुढचे तीन महिने ग्लुकोमीटर जवळ ठेवावं. पोहे खाल्ल्यावर दोन तासांनी बघावं, पोळी-भाजीनंतर बघावं. साखर नसलेल्या माणसाचा आकडा १४० च्या आत राहायला हवा. तो ओलांडत असेल तर ते खाणं त्या माणसाचं नव्हे, मग कुणाचं का प्रमाण असेना. आणि एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची रक्तचाचणी, तीन महिन्यांनी. आमच्या ह्यांचे पोहे अशाच आकड्याने बंद झाले, भाकरी राहिली.

रामबागकर:

अट मान्य, मीटर आणतो. त्यात माझी एक भर: कंबर मोजा. काटा पाण्याने फसवतो, टेप तेवढा फसवत नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. माझी आत्ता हद्दीच्या आत आहे. दोन सेंटिमीटर वाढली की आधी सेव बंद, मग दुपारची दुसरी पोळी, आणि पोहे सगळ्यांच्या शेवटी.