अनुभव धागा : गेम घेण्याआधी पीसी कसा तपासता?

सुट्टी लागली की कोल्हापुरात एकच प्रश्न फिरतो : "भावा, माझ्या पीसीवर हा गेम चालंल का?" नुसतं "चालंल की" नको. कसं तपासायचं आणि कुठं फसतं ते लिहा. नमुन्याला सायबरपंक २०७७ घेऊ. किमान मागणी : कोअर आय७-६७०० प्रोसेसर, जीटीएक्स १०६० (६ जीबी) ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी रॅम, एसएसडीवर ७० जीबी जागा.

तालमीचा गडी
कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर) क्लिक केलं की 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन आकडे दिसतात. डेडिकेटेडच धरायचा, ती कार्डाची स्वतःची मेमरी. शेअर्ड म्हणजे रॅममधून उसनी घेतलेली जागा. दोन्हींची बेरीज बघून ८ जीबीचं कार्ड समजणारे पुष्कळ आहेत, आणि कार्ड निघतं ४ चं.

उद्यमनगर
मोठा नंबर म्हणजे भारी कार्ड, असं नाही. जीटीएक्स १६५० हे १०६० पेक्षा नवीन, पण ताकदीला कमी. प्रोसेसरचंही तसंच : लॅपटॉपच्या आय७ च्या नंबरशेवटी 'यू' असेल तर तो वीज वाचवणारा आहे, डेस्कटॉपच्या आय७ शी त्याची बरोबरी करू नका.

रंकाळा
मेमरी टॅबमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' वाचा. वेगळं कार्ड नसेल आणि २ पैकी १ स्लॉट भरलेला असेल, तर आधी तसलीच दुसरी रॅम बसवा. इनबिल्ट (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स रॅमवरच जगतं. दोन कांड्या झाल्या की त्याला डेटा दुप्पट रुंद वाटेनं मिळतो. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही.

राजारामपुरी ८ वी गल्ली
काही ठिकाणी ताकदीचा प्रश्नच नसतो. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलला हार्डवेअर रे ट्रेसिंग (उजेड-सावलीचं गणित करणारा कार्डातला खास भाग) लागतं, म्हणजे तो भाग नसलेलं तगडं जीटीएक्स १०८० टीआय असूनही बाद. व्हॅलोरंट विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (दोन्ही पीसीच्या सुरक्षेच्या सोयी) मागतो; ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. मात्र डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी नव्या जीपीटी पद्धतीची करा, नाहीतर विंडोजच उठणार नाही.

सेकंडहँड कार्ड घेताना दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) लावून बघा, बनावट कार्डाच्या नावाआधी तो 'फेक' दाखवतो.

शाहूपुरी
सगळं जुळतंय आणि तरी अडखळतंय? मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय का बघा. ती कार्डालाच हवी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकद देत नाही.

तरीही खात्री नसेल तर गेम स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानातून) घ्या. खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना गेम उघडा राहिला तर तो वेळही त्या २ तासांत जातो, म्हणून ते झालं की थेट गेममधल्या गर्दीच्या चौकात जाऊन सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते बघा.