गळीत हंगाम संपल्यावर परदेशात मोटरसायकल प्रवास: कोणता निसर्गरम्य मार्ग निवडावा?

कृष्णाकाठ (वाळवा, जि. सांगली)

नमस्कार. मी एका साखर कारखान्याच्या अभियांत्रिकी विभागात नोकरीला आहे आणि आमच्या रजांचे गणित ऊसच ठरवतो. गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून हंगाम संपेपर्यंत रजेचे नाव काढता येत नाही आणि पावसाळाभर यंत्रांच्या दुरुस्तीची कामे चालतात. त्यामुळे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतचे पंधरा-सोळा दिवस, एवढाच अवधी हाती आहे. वय ४८. पत्नी मागे बसून येणार आहे. आम्ही दोघांनी ३५० सीसीच्या गाडीवरून आंबा, कुंभार्ली आणि आंबेनळी हे घाट अनेकदा केले आहेत, मात्र देशाबाहेर गाडी चालवलेली नाही.

उत्तर थायलंडमधील मे हाँग सोनचा वळसा, व्हिएतनाममधील ‘हा झांग’ हा डोंगराळ भाग आणि नेपाळमधील पोखरा ते मुक्तिनाथ, हे तीन मार्ग विचारात आहेत. किती किलोमीटर झाले याचे आम्हाला अप्रूप नाही. डोळे भरून पाहता यावे आणि पत्नीला त्रास होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. ज्यांनी हे मार्ग केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पसरणीघाट (वाई)

आपल्या तीन मार्गांपैकी मे हाँग सोन मी डिसेंबरमध्ये केला आहे. च्यांग माईहून पाई, मे हाँग सोन, मे सारिआंग करत पुन्हा च्यांग माईला येणारा हा वळसा सुमारे ६०० किलोमीटरचा आहे आणि त्यातील वळणांची संख्या १,८६४ सांगितली जाते. रस्ता गुळगुळीत, वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आणि भाड्याची गाडी सहज मिळणारी असल्याने प्रथमच परदेशात चालवणाऱ्याला हा मार्ग मी एरवी डोळे झाकून सुचवला असता. परंतु आपले महिने पाहता सुचवणार नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिथे शेतातील पालापाचोळा जाळला जातो, जंगलांतही वणवे लागतात आणि डोंगरदऱ्यांवर धुराचा थर बसून राहतो. पहिले पाऊस पडल्यावर हवा स्वच्छ होते, पण ते आपल्या रजेत पडतीलच याचा भरवसा नाही. ज्या दरीसाठी इतक्या दूर जायचे, तीच दिसली नाही तर उरतात ती केवळ वळणे, आणि वळणे आमच्या पसरणीतही आहेत.

‘हा झांग’बाबत अडचण ऋतूची नसून परवान्याची आहे. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवानाच मानतो. गाडी भाड्याने देणारे बहुधा काही विचारत नाहीत आणि त्यामुळे पुष्कळ जण निर्धास्त राहतात. अपघात झालाच तर मात्र विनापरवाना वाहन चालवल्याच्या कारणाने प्रवास विमा कंपनी हात वर करू शकते. पत्नीला मागे बसवून ही जोखीम आपण घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. डाँग व्हान आणि म्याओ व्हाकदरम्यानची मा पी लेंग खिंड, तिच्या तळाशी वाहणारी न्यो क्वे नदी आणि तो चुनखडीचा पठारी मुलूख पाहायचाच असेल, तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जाण्याची सोय तिथे आहे. पण मग तो आपला मोटरसायकल प्रवास राहत नाही.

सागरेश्वर (विटा)

वरील मताशी मी सहमत आहे. आम्ही उभयतांनी मुक्तिनाथचा प्रवास मेच्या पहिल्या आठवड्यात केला होता, त्या अनुभवावरून लिहितो.

पोखरा ते मुक्तिनाथ अंतर जेमतेम १८० किलोमीटर आहे. नकाशावर ते एका दिवसाचे वाटते, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. बेनीपर्यंतचा प्रवास सरळ आहे. पुढे तातोपानीपासून रस्ता काली गंडकी नदीच्या खोल घळीत शिरतो आणि काही टप्प्यांत डांबर संपून खडी, माती व ओढ्यांचे पाणी लागते. घासा ओलांडल्यावर झाडी विरळ होत जाते आणि लार्जुंगच्या आसपास खोरे एकदम उघडते. त्या ठिकाणी आपण सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर असतो आणि डाव्या हाताला ८,१६७ मीटरचा धौलागिरी उभा असतो. म्हणजे रस्त्यापासून शिखरापर्यंत साडेपाच किलोमीटरहून अधिक सरळ चढ नजरेसमोर असतो. आपल्या कळसूबाईएवढी तीन शिखरे एकावर एक ठेवली तरी ती तिथवर पोहोचणार नाहीत. आम्ही गाडी बंद करून नदीच्या गोट्यांत जवळजवळ तासभर बसलो होतो. देवघरातला शालिग्राम येतो तो याच नदीच्या पात्रातून, हे ठाऊक असूनही तिथे काळा गुळगुळीत दगड हातात घेतल्यावर पत्नीचे डोळे पाणावले.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. या खोऱ्यात वेळापत्रक वाऱ्याचे चालते. सकाळी अकराच्या सुमारास दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दुपारी त्याचा जोर इतका वाढतो की जोमसोमची विमाने सकाळीच उडवून घ्यावी लागतात. आम्ही जोमसोमच्या अलीकडच्या मार्फा गावात जेवण करून दुपारी एकला निघालो, ही माझी चूक झाली. जोमसोमच्या पुढे नदीपात्रालगत बाजूने आलेल्या एका झोताने उभी गाडी स्टँडसकट आडवी केली, ब्रेकची तरफ वाकली आणि हेल्मेटच्या काचेच्या आतून वाळूचे कण डोळ्यांत गेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे साडेपाचला निघून दहापर्यंत मुक्काम गाठू लागलो आणि प्रवास सुखाचा झाला. शिवाय शिखरे उघडी असतात तीही सकाळीच. मेमध्ये दुपारनंतर ढग आणि धुरकट हवा येते.

म्हणून पोखऱ्याहून पहिला मुक्काम तातोपानीला करावा, तिथे गरम पाण्याचे कुंड आहे आणि पाठीला आराम मिळतो. दुसरा मुक्काम मार्फाला करावा. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ गाठून १०८ धारांखालून दर्शन घ्यावे आणि झोपायला कागबेनीला उतरावे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे रात्र खाली काढलेली बरी. परतीच्या वाटेवर एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा. कागबेनीच्या पुढील वरच्या मुस्तांगला वेगळा विशेष परवाना लागतो. त्याचा मोह या खेपेस टाळावा.

कृष्णाकाठ

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. सौ. नेही वाचले आणि शालिग्रामाचा उल्लेख वाचून तिचा निर्णय तिथेच झाला. गाडी स्वतःचीच न्यावी की पोखऱ्यात भाड्याने घ्यावी? सांगलीहून थेट चालवत जाणे शक्य आहे का?

अजिंक्यतारा (सातारा)

शक्य आहे, पण मेच्या उन्हात मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश ओलांडत सतराशेहून अधिक किलोमीटर चालवण्यात आपले चार-पाच दिवस आणि पत्नीची सारी उमेद खर्ची पडेल. मी पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने गाडी गोरखपूरला पाठवली होती. टाकी रिकामी करून द्यावी लागते, आरसी बुकाची प्रत जोडावी लागते आणि वेष्टन स्वतः उभे राहून करून घ्यावे लागते. आरसे काढून सामानात ठेवावेत. गाडी आपल्यासोबतच पोहोचेल असे गृहीत न धरता ती तीन-चार दिवस आधी रवाना करावी.

गोरखपूरहून सोनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटर आहे. तिथे भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, दिवसांच्या हिशेबाने भरावे लागते. नियोजित दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीचे भरून ठेवावेत, म्हणजे दरड कोसळून अडकलात तरी परतताना दंडाचा प्रश्न येणार नाही. गाडी आपल्याच नावावर असावी. ओळखीसाठी पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, आधार कार्डावर विसंबू नये. निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून आपल्या वाहन विम्याला नेपाळपुरती भौगोलिक मुदतवाढ नव्हे, तर भौगोलिक विस्ताराची पुरवणी जोडून घ्यावी. हे दोन शब्द मी गोंधळलो होतो आणि कार्यालयात दोन खेपा पडल्या. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात मिळतो आणि सार्क देशांच्या नागरिकांना तो सवलतीच्या दरात दिला जातो.

सीमेवरून पोखऱ्याला जाताना बुटवलहून तानसेनमार्गे जाणारा सिद्धार्थ महामार्ग घ्यावा. तो अरुंद आणि वळणावळणाचा आहे, परंतु तानसेनच्या जुन्या बाजारपेठेत एक मुक्काम केल्यास तराईचा, म्हणजे सीमेलगतच्या सपाट प्रदेशाचा, उकाडा मागे पडतो आणि हवा चांगली असेल तर सकाळी हिमालयाची पहिली रांग तिथूनच दिसते.

कृष्णाकाठ

ठरले. गाडी पार्सलने पाठवू आणि सोनौली, तानसेन, पोखरा, तातोपानी, मार्फा, कागबेनी याच क्रमाने जाऊ. भन्सार दोन दिवस जास्तीचे भरू. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला निघून कुंभार्ली उतरून परत येण्याचा सराव सौ. नेच ठरवला आहे, म्हणजे इतक्या लवकर खोगिरावर बसणे तिला कितपत मानवते ते कळेल. ब्रेक व क्लचच्या जादा तरफा मात्र आजच मागवतो.