बोटाचा ठसा "जुळला" म्हणजे नेमकं काय?

उलटतपास:
तज्ज्ञाच्या अहवालात बहुधा एकच ओळ असते: घटनास्थळावरचा ठसा आरोपीच्या अमुक बोटाशी जुळतो. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात हे मान्य. मग चुकीच्या ओळखी झाल्या त्या कशा? आणि असा अहवाल समोर आला तर बचावाच्या वकिलाने नेमकं काय मागायचं?

रेषाजाणकार:
दोन माणसांचे ठसे वेगळे असतात, यावर वाद नाहीच. पण तुलना बोटांची होत नसते. एका बाजूला नीट घेतलेला पूर्ण ठसा असतो आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट, घसरलेला, कधी दुसऱ्याच ठशावर उमटलेला तुकडा. त्या तुकड्यात ओळख पटवण्याइतका मजकूर आहे का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माणूस देतो.

पद्धत चार टप्प्यांची: विश्लेषण, तुलना, निष्कर्ष, पडताळणी. शंख, चक्र, कमान ही ठेवण फक्त वगळायला उपयोगी पडते. ओळख ठरते ती रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो आणि अशा दोन खुणांमध्ये किती रेषा आहेत यावरून. पहिल्या टप्प्यात तज्ज्ञाने फक्त घटनास्थळावरचा ठसा पाहून त्यातल्या खुणा नोंदवायच्या असतात. संशयिताचा ठसा त्यानंतर. हा क्रम मोडला की संशयिताच्या ठशात जे दिसलं तेच धूसर ठशातही 'दिसू' लागतं.

२००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर हेच घडलं. डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा एफबीआयने अमेरिकेतले वकील ब्रँडन मेफील्ड यांचा ठरवला. संगणकाने काढलेल्या २० संभाव्य ठशांच्या यादीत त्यांचा ठसा चौथा होता. न जुळणाऱ्या भागाचं स्पष्टीकरण 'दुसरा स्पर्श झाला असावा' असं दिलं गेलं. मेफील्ड दोन आठवडे कोठडीत होते. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवल्यावरच त्यांची सुटका झाली. लाखो ठशांत शोध घेतला की अगदी जवळचा पण चुकीचा ठसा हाती लागण्याची शक्यता वाढते, हे यातून नीट कळतं.

पांढरा_डगला:
ठसा उठवतानाचेही घोटाळे असतात. काच, प्लास्टिकवर सायनोअॅक्रिलेटची (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूमधलं रसायन) वाफ देतात, हवेतली आर्द्रता साधारण ८०% ठेवून. वाफ जास्त झाली की रेषांमधल्या फटीही पांढऱ्या होतात. ब्रश जास्त फिरवला तर रेषा झिजतात. कागदावर निनहायड्रिन वापरतात. ते घामातल्या अमिनो आम्लांशी अभिक्रिया करून जांभळा रंग देतं, त्यामुळे कागद भिजलेला असेल तर जवळजवळ निरुपयोगी. फोटोत काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल झाली आणि ती ध्यानात आली नाही, तर रेषेचं टोक फाट्यासारखं आणि फाटा टोकासारखा दिसतो. म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला, काहीही बदल न केलेला मूळ फोटो मागाच.

उलटतपास:
धन्यवाद. अमुक इतक्या खुणा जुळल्याच पाहिजेत असा नियम नाही का? आणि चुकीचं प्रमाण कोणी मोजलंय का?

रेषाजाणकार:
इंग्लंड-वेल्समध्ये १६ खुणांची अट होती, ती २००१ मध्ये काढली. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. दुर्मीळ ठेवणीतल्या थोड्या खुणा सर्रास आढळणाऱ्या अनेक खुणांपेक्षा भारी ठरू शकतात.

चुका मोजल्या आहेत. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात १६९ तज्ज्ञ होते. भलत्याच माणसाशी ठसा जुळवण्याच्या चुका ०.१%, तर खरा जुळणारा ठसा नाकारण्याच्या ७.५%. पहिला आकडा लहान आहे, पण शून्य नाही. २०१६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने याच आकड्यांवरून सांगितलं की चुकीच्या ओळखीचं प्रमाण ३०६ मध्ये १ इतकंही असू शकतं. त्यामुळे कोणी साक्षीत "शंभर टक्के, चूक अशक्य" म्हणालं तर तिथेच थांबवून आधार विचारा.

दुसरी_नजर:
मला पडताळणीचा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या २०११ च्या अभ्यासात एकाने केलेली चुकीची ओळख दुसऱ्या कुणीही त्याच जोडीवर केली नाही. म्हणजे दुसऱ्याला पहिल्याचा निष्कर्ष माहीत नसेल तर चूक सापडते. मेफील्ड प्रकरणात पडताळणाऱ्यांना तो माहीत होता. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेसुद्धा होकार भरला.

तेव्हा मागायच्या गोष्टी अशा: संशयिताचा ठसा पाहण्यापूर्वीच्या तारीखवार नोंदी, नंतर भर घातलेल्या खुणा वेगळ्या रंगात दाखवलेली प्रत, पडताळणी निष्कर्ष लपवून झाली होती का, तज्ज्ञाला कबुलीजबाबासारखी माहिती आधी दिली होती का, आणि आधी कुणी 'अनिर्णित' शेरा दिला होता का.

आणखी एक. ठसा पूर्णपणे खरा असला तरी तो कधी उमटला हे खात्रीने सांगणारी पद्धत नाही. वस्तू हलवता येण्यासारखी असेल, किंवा आरोपीचा तिथे एरवी वावर असेल, तर ठसा कुठल्या बाजूला आणि बोटं कोणत्या दिशेने होती हे विचारा. खिडकीच्या बाहेरच्या काचेवरचा ठसा आणि आतल्या चौकटीला धरून वर चढल्यासारखा ठसा, यांचं वजन सारखं नाही.