मदत हवी आहे: लिनक्सचं अपडेट दर वेळी अर्ध्यावर अडकतंय

चार दिवस झाले, कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट होतच नाहीये. डाउनलोड नीट होतं, पण इन्स्टॉल होताना ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असा एरर येतो. मुख्य डिस्कवर तर ६० जीबी मोकळी आहे! शोधल्यावर कळलं, बूटचं (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचं) वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, फक्त ५१२ एमबीचं आहे आणि त्यात जुने कर्नल साठलेत. नको असलेलं जुनं सॉफ्टवेअर काढणारी ऑटोरिमूव्ह कमांड चालवली तर ती आधीचं अर्धवट इन्स्टॉल पूर्ण करा म्हणते, आणि ते पूर्ण करायला जागा नाही.

सध्या चालू असलेल्या कर्नलला हात लावणार नाही. सर्वांत जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (तो कर्नल बूट होताना सुरुवातीला लागणारी) दुसरीकडे हलवून अपडेट पुन्हा चालवलं तर चालेल का? कुणी केलंय? बॅकअप घेतलाय, तरी मशीन बूटच झालं नाही तर, याची धास्ती वाटते.