रक्तस्राव थांबला, मग चौथ्या दिवशी बाबा जास्त गुंगीत का?

रावपुऱ्याची_लेक
बाबा ७१ वर्षांचे, बीपीची गोळी मनाला येईल तेव्हा घेणारे. गुरुवारी दात घासताना ब्रश हातातून गळला, डावी बाजू लुळी. सीटीत मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव निघाला. शुक्रवारच्या सीटीत गुठळी तेवढीच होती. काल मला ओळखून "सेव-उसळ आणलीस का?" विचारलं. आज हाका मारल्या तर जेमतेम डोळे उघडतात. डॉक्टर राउंडला "सूज आहे" म्हणून पुढे गेले. रक्त थांबलंय, मग सूज कुठून आली? आत्या म्हणते, मेंदूला ताकद नाही, ग्लुकोजची बाटली लावायला सांग. सांगू का?

निवृत्त_सिस्टर
आधी उठ आणि ड्युटीवरच्या सिस्टरला सांग, कालच्यापेक्षा गुंगी वाढलीय. पुन्हा सीटी करायचा का, हेही विचार. मग ये.

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. २०२४ चा ऑगस्ट आठवतो ना? पाऊस ओसरला तरी आपल्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचा पूर उतरेना. इथंही तसंच. गुठळी आकसताना तिच्यातलं पाणी भोवती झिरपतं. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन शेजारच्या पेशींना डिवचतं. पुढे तांबड्या पेशी फुटून लोह सुटतं, तेही जाळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज झपाट्यानं वाढते, नंतरही काही दिवस चढू शकते. कवटी काही फुगत नाही, म्हणून दाब वाढतो.

ताकदीचं आत्याचं अगदीच चूक नाही. मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली २० टक्के तोच खातो. त्यातली बरीचशी पेशीतलं सोडियम बाहेर फेकणाऱ्या पंपांवर जाते. पंप मंदावला की सोडियम आत साचतं आणि त्यामागे पाणी. तळघरात मोटर बंद पडल्यासारखं. पण गुठळीभोवती बहुतेकदा लाइट गेलेली नसते, रक्त पोचत असतं. बिघडलेली असते मोटरला ऊर्जा पुरवणारी यंत्रणा, म्हणजे पेशीतली मायटोकाँड्रिया. नुसती साखर ओतून ती सुरू होत नाही.

उलट ५ टक्के ग्लुकोजची बाटली घातक. साखर शरीर वापरून टाकतं, उरतं साधं पाणी, ते मेंदूत शिरून सूज वाढवतं. साखर फार कमी झाली तरी वाईट, फार वाढली तरी वाईट, म्हणून ते सारखं बोट टोचतात. ताप आला तर लगेच सांग, तापात मेंदूचा खर्च वाढतो.

मांजलपूरकर
आमच्या मामांना गाठीच्या सुजेवर स्टिरॉइडनं दोन दिवसांत फरक पडला होता. विचारून बघा.

निवृत्त_सिस्टर
ती ट्यूमरची सूज असणार, दादा. रक्तस्रावाच्या सुजेत स्टिरॉइडचा फायदा दिसलेला नाही, वर साखर आणि जंतुसंसर्गाची भीती.

रावपुऱ्याची_लेक
सिस्टर, लगेच सांगितलं. सीटी झाला: गुठळी तेवढीच, भोवतीची सूज वाढलीय. मेंदूतलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल लावलंय, डोक्याकडची बाजू उंच ठेवलीय, लघवीची पिशवी भराभर भरतेय. रात्री दहाला त्यांनी माझं बोट दाबलं. आत्यानं बाटली पाहिली आणि म्हणाली, "लावलंच ना शेवटी ग्लुकोज?"