मदत हवी आहे: नागपूर प्लेटच्या मधात आहे तर मग आमचा पंखा काहून हलला?

मानेवाडा_मम्मी:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, भूकंप का होतात आणि कुठे होतात यावर प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. अर्धा झाला, म्हणजे आपली भारताची प्लेट (जमिनीखालचा खडकाचा अवाढव्य तुकडा) वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते आणि युरेशियन प्लेटला रेटते म्हणून हिमालयात भूकंप, बाकी जगातले बहुतेक पॅसिफिकच्या कडेकडेनं, जपान, इंडोनेशिया, चिली वगैरे. नकाशावर लाल टिकल्या पण चिकटवल्या (माझ्याच पाकिटातल्या). मग बाईसाहेबांनी नागपूरवर बोट ठेवलं, आई आपण तर पार मधात आहो, कडा कुठच्या कुठे लांब, मग 4 डिसेंबर 2024 ला सकाळी आपला पंखा काहून हलला?

खरंच हलला होता. मी डबा भरत होते, साडेसात वाजत आले होते, पंखा बंद आणि तरी झोके घेऊन राहिला. आम्ही तिसऱ्या माळ्यावर, खालच्या काकूंना काहीच कळलं नाही, त्या मलाच म्हणे बीपी चेक कर. दुसरं म्हणजे माहेरी उमरेड रोडकडे दुपारी कधीकधी खिडक्या थरथरतात, तो पण भूकंपच का? प्लीज सोप्या भाषेत सांगा, पोरगी डोकं खाऊन राहिली.

दगडधोंडे:
ताई, पोरीला शाबासकी द्या, प्रश्न बरोबर जागी पकडलाय. त्या दिवशीचा भूकंप तेलंगणातल्या मुलुगूचा, 5.3 चा, 7.27 ला. आपल्यापासून तीनेकशे किलोमीटर, लाटा पोचायला मिनिट-दीड मिनिट लागतं. आपल्या द्वीपकल्पाखालचा खडक जुना, थंड, टणक, त्यात लाटा लवकर विरत नाहीत. लांबून येते ती संथ हेलकाव्याची लाट, ती वरच्या माळ्यावर जास्त जाणवते, त्यामुळे काकूंचं बीपी आणि तुमचं बीपी दोन्ही ठीक.

आता मधात का? कडेला धक्का बसतो पण त्याचा दाब सगळ्या प्लेटभर पसरतो, आणि आपली प्लेट काही अखंड नाही, तिच्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जखमा आहेत. एक गोदावरीची खचदरी, मुलुगू तिच्यातच, आणि आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसाही त्याच पट्ट्यात साचलेला. दुसरी नर्मदा-सोनची, उत्तरेला. अशा भेगेच्या दोन्ही बाजू घर्षणानं अडकून बसतात. जाम झालेलं शटर जोर लावला तरी हलत नाही आणि मग एकदम सटकतं ना, तसंच, त्या सटकण्याला भूकंप म्हणायचं. प्रयोग करायचा तर एक तुटलेली बशी फेविक्विकनं जोडा, वाळली की दोन्हीकडून दाबा. बहुतेक वेळा जुन्या जोडावरच जाते.

गच्चीवरचा_काका:
नर्मदेवाला मी अनुभवलाय जी. 22 मे 1997, जबलपूरचा, रात्री सव्वा-दीडच्या सुमारास. मे महिना म्हणजे सगळे गच्चीवर, माझी खाट हलली तर मी धाकट्या भावावर खेकसलो, लाथ काहून मारतो बे. तो बिचारा चार हात लांब झोपलेला. मग खाली कुत्रे सुरू झाले तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं.

शून्य_ते_नऊ:
मम्मी, खिडक्यांचं बहुतेक खाणीतलं ब्लास्टिंग असणार, तिकडे कोळशाच्या खाणी आहेत. रोज साधारण एकाच वेळेला होते का बघा, भूकंप घड्याळ बघून येत नाही. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' नावाचं ॲप आहे, त्यात वेळ ताडून पाहता येते.

बाकी टेन्शन नको, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) 2002 च्या भूकंपधोक्याच्या नकाशात नागपूर झोन 2 मध्ये होतं, म्हणजे त्यातला सगळ्यात कमी धोका.

दगडधोंडे:
कमी धोका बरोबर, पण झोन म्हणजे हमीपत्र नव्हे बाप्पा. किल्लारी 1993 च्या आधी झोन 1 मध्ये होती, त्याहून सुरक्षित झोनच नव्हता. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमारास 6.2 चा झाला. आकड्यात मुलुगूपेक्षा 0.9 जास्त दिसतो, ऊर्जेत वीसेक पट. त्यात मुलुगूचा खोल आणि हा उथळ, लोक झोपेत, घरं दगडमातीची आणि वर मातीचं जडशीळ धाबं. हजारो माणसं धाब्याखालीच गेली. नंतर नकाशा बदलला, झोन 1 काढूनच टाकला.

मानेवाडा_मम्मी:
सगळ्यांना थँक्यू! माहेरी फोन केला, खिडक्या म्हणे रोज अडीचच्या आसपास, म्हणजे ब्लास्टिंगच. बशीचा प्रयोग पण केला, पण बशी जोडावर नाही गेली, बाजूलाच नवीन तडा गेला. आता आमच्या घरच्या मॅडमचा नवीन प्रश्न, म्हणजे जुनी भेग नसेल तिथे पण भूकंप होतो का?

दगडधोंडे:
हाहा, फेविक्विक जास्त लावलं तुम्ही. किंवा बशीत आधीच बारीक तडा असेल जो दिसत नव्हता, आणि हेच प्रोजेक्टमध्ये लिहा. किल्लारीची भेग कोणाला माहीतच नव्हती, कारण तिच्यावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तीनशे-साडेतीनशे मीटर जाड थर बसलेला. वरून बघाल तर साधं काळ्या मातीचं शेत. भूकंप झाल्यावर जमीन फाटली तेव्हा कळलं.

मानेवाडा_मम्मी:
लिहून घेतलं तिनं. बशी सासूबाईंच्या सेटमधली होती, त्यांना अजून सांगितलं नाहीये.